फॅनचा डावा कौल

दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, फौजदार लिहितात, बँकेतून निवृत्त झालेले तर कोणी न विचारता लिहितात. भटाला कोणी लिहायला सांगत नाही. त्यामुळे संपादकांचा माणूस घरी येऊन 'तुमच्या कामातले अनुभव लिहून द्या' म्हणाला, तेव्हा मी त्याला आधी चहा पाजला आणि मग विचारलं, नक्की माझ्याकडेच आलास ना? आमच्या वाड्यावर एक निवृत्त तलाठीही राहतो. तो म्हणाला, तुमच्याकडेच, कौलाचं लिहा. बरं बाबा, लिहितो. गुडघे गेल्यापासून देवळात माझा पुतण्या बसतो आणि मला दुपार खायला उठते.

आमचा गाव डिचोली तालुक्यात, सर्वणच्या पुढे. देवी सातेरी, काळ्या पाषाणाची, उभी. तिची पूजा आमच्या घराण्याकडे. पूजेचं एवढं काही नाही, हात आपोआप चालतात. खरं काम कौलाचं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. माणसाला एखादी गोष्ट ठरवता येईनाशी झाली की तो देवीला विचारायला येतो. मी पिटकुळीच्या कळ्या घेतो, तांबड्या, बारीक. तीर्थात भिजवतो. एक देवीच्या उजव्या खांद्यावर टेकवतो, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या माणसाची अडचण देवीच्या कानावर घालतो. ते आमच्या घरच्या बोलीत. स्तुती संस्कृतात चालते, पण सासूचं भांडण आणि विहिरीला न लागणारं पाणी संस्कृतात कसं सांगणार? गाऱ्हाण्याच्या शेवटी प्रश्न. होय असेल तर उजवी दे माये, नको असेल तर डावी. आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवी कळी आधी पडली तर काम करा, डावी पडली तर सोडून द्या.

लोकांना वाटतं सगळं भटाच्या हातात असतं. वाटू दे. पण माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. कळी टेकवायची, दाबायची नाही. दाबलेली कळी देवीची राहत नाही, भटाची होते. पाणी जास्त झालं तर ती घसरते, कमी झालं तर चिकटून बसते. ते बोटाला कळायला मला काही वर्षं लागली आणि त्या वर्षांत वडिलांच्या जितक्या शिव्या खाल्ल्या तितके देवीचे मोदक खाल्ले नसतील.

आणखी दोन नेम सांगतो, कारण पुढे लागणार आहेत. एक, प्रश्न पुरा होण्याआधी पडलेली कळी कौलात धरत नाहीत. विचारलंच नाही तर उत्तर कसलं? दुसरा, दुपारी नैवेद्य दाखवण्याआधी कळ्या काढून घ्यायच्या. तोवर एकही पडली नसेल तर देवी बोलली नाही असं समजायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं.

गिऱ्हाइकं काय एकेक. दोघे भाऊ आले, बांधावरचा फणस कोणाचा म्हणून. कळी पडली, तर दोघेही खूश. थोरला देवीची उजवी धरून बसला होता आणि धाकटा स्वतःची. पुन्हा देवळातच जुंपली. एक म्हातारी दर महिन्याला यायची आणि एकच विचारायची, सून माझ्या आधी मरेल की नंतर. मी तिला चहा देऊन परत पाठवायचो. भाषेच्या चळवळीत तर कहर झाला. गावातले चार तरुण आले, राजभाषा मराठी व्हावी की कोकणी, लावा कळ्या म्हणाले. दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या. मी म्हटलं, अरे, हिला तुम्ही नवस मराठीत लिहून देता, आरती मराठीत म्हणता आणि गाऱ्हाणं कोकणीत घालता. तिने आजवर कधी तक्रार केली नाही, आता तिला कशाला भांडणात ओढता? चौघेही माझ्यावर रागावून गेले. निदान त्या बाबतीत तरी त्यांचं एकमत झालं.

आणि आमचा गोकुळदास. हा ट्रकवाला. आमच्याकडे खाणी सुरू झाल्यावर ज्याच्या त्याच्या अंगणात ट्रक आला, पण गोकुळदासची उडी मोठी. दुसरा ट्रक घ्यावा का, हे विचारायला आला. मी कळ्या टेकवल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, 'आई माये, हें तुजें लेंकरूं तुज्या दारांत आयलां' एवढंच म्हटलं आणि उजवी कळी टपकन पडली. गोकुळदासने तिथेच टाळी वाजवली. मी म्हटलं, हे धरत नाहीत, प्रश्न कुठे विचारलाय? तो म्हणाला, भटमाम, देवी घाईत असेल. निघून गेला आणि ट्रक घेतला. नेमाप्रमाणे त्याचं वाटोळं व्हायला हवं होतं. पण त्याचं असं बस्तान बसलं की दोनाचे चार झाले, चाराचे किती ते त्यालाच ठाऊक, आणि पुढे तो देवस्थान समितीचा अध्यक्ष झाला. मी देवीकडे बघितलं. ती नेहमीसारखीच उभी होती.

आता पुरसोचं. खरं तर त्याच्याचसाठी हा लेख.

पुरुषोत्तम मूळचा पेडण्याकडचा, कोरगावचा. सगळे पुरसो म्हणत. पाळी गावच्या खाणीवर वजनकाट्यावर कारकून. डोंगर फोडून लोखंडाच्या मातीचे ट्रक भरायचे, हा ते काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचा, ट्रक नदीवर जायचा, तिथून बार्ज, तिथून बोट, तिथून परदेश. रिकामा ट्रक परत. पुन्हा भरलेला. त्याच्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा आणि तो रोज थोडा कमी व्हायचा. असल्या जागी बसलेल्या माणसाने दारू तरी प्यावी नाहीतर पुस्तकं तरी लिहावीत. पुरसोने पुस्तकं लिहिली.

त्याच्या पहिल्या कादंबरीत फेरीबोटीचा तांडेल आहे. नदीवर पूल होतो, पण फेरीबोट बंद करायचा हुकूम काढायला सरकार विसरतं. हा रोज वेळेवर शिट्टी देऊन रिकामी बोट पलीकडे नेतो आणि रिकामी आणतो. पुलावरून लोक त्याला हात करतात. बस, एवढंच. दुसऱ्या कादंबरीत डोंगर वाहून नेल्यावर एका माणसाच्या लक्षात येतं की आपल्या घरावर ज्या डोंगराची सावली पडायची तो गेला, आणि तो सावलीसाठी अर्ज करत फिरतो. मला दोन्ही पुस्तकं त्याने सही करून दिली. मी ती देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि पुष्कळ वर्षं वाचली नाहीत, याचं आज वाईट वाटतं. तेव्हा त्याच्याशी बोलायला मिळालं असतं.

त्या पुस्तकांवर जी टीका झाली ती गोव्यातच होऊ शकते. निवेदन मराठीत आणि माणसं बोलतात ती कोकणीत, म्हणून मराठीवाले म्हणाले भाषा बाटवली आणि कोकणीवाले म्हणाले आमची माणसं पळवली. पुरसो म्हणायचा, तांडेलाला कोणत्या भाषेतून बुडायचं हे आता दोघांना विचारून ठरवतो.

तो देव मानत नसे. पण रविवारी खाणीला सुटी, आणि त्याची बायको सुलभा दर रविवारी देवळात यायची. हिला स्कूटरवर मागे बसवून आणायचं काम त्याच्याकडे. मग तो चपला काढून सभामंडपात खांबाला टेकून बसायचा आणि माझं काम आटोपलं की माझ्याशी वाद घालायचा. पणजीच्या वाचनालयातून इंग्रजी ग्रंथ आणून वाचायचा. एकदा मला म्हणाला, मी ॲब्सर्ड लिहितो. मी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, माणूस जगाला विचारत राहतो, ह्या सगळ्याचा अर्थ काय? आणि जग उत्तर देत नाही. तरी माणूस विचारायचं सोडत नाही. हे जे दोघांचं चाललेलं असतं, ते ॲब्सर्ड.

मी म्हटलं, मग मी घराण्याचा ॲब्सर्ड आहे की. आमच्याकडे सात पिढ्या हेच चाललंय, फक्त वर दक्षिणा मिळते. तो इतका हसला की खांबावरचं कबूतर उडालं.

असा हा हसणारा माणूस. आणि एका वर्षी तो थांबला. म्हणजे लिहायचा थांबला आणि मग हळूहळू बाकीचंही. गोवा घटकराज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. गावात फटाके फुटले, पेढे वाटले, त्याने पेढा हातात घेतला आणि तसाच कट्ट्यावर ठेवून दिला. आधी मला वाटलं, साहेबाशी बिनसलं असेल. पण एकदा सुलभा एकटीच आली. रिक्षाने. देवीसमोर न जाता माझ्याजवळ आली आणि सांगू लागली.

म्हणाली, पूर्वी हे आंघोळ करताना पात्रांचे संवाद बोलायचे. एका आवाजात प्रश्न, दुसऱ्या आवाजात उत्तर, शेजारी हसायचे. जेवताना माशाच्या हुमणात मीठ कमी पडलं तर तासभर भाषण. आता मी मुद्दाम मीठच घातलं नाही, तर गप्प जेवून उठले. पाव आणायला पाठवलं तर पोदेराच्या दुकानासमोर उभे राहतात आणि तसेच परत येतात. विचारलं तर म्हणतात, कशालाच काही अर्थ नाही हे लिहायला तरी काय अर्थ आहे?  मग डोळे पुसून म्हणाली:

"भटमाम, माका घोव पुस्तकां बरयतलो जाय. न्हय जाल्यार तो मरतलो म्हण दिसता."

मला नवरा लिहिणारा हवा, नाहीतर तो मरेल असं वाटतं, असं तिचं म्हणणं. बायका देवळात येऊन नवऱ्याची दारू सुटू दे म्हणतात, तंबाखू सुटू दे म्हणतात. नवऱ्याची लेखणी पुन्हा लागू दे म्हणणारी मी ही एकच बघितली. आणि तिचं म्हणणं मला पटलं, कारण तो पेढा मी कट्ट्यावर पाहिला होता.

तिने पुरसोकडून कबूल करून घेतलं होतं. देवीने उजवा दिला तर लिहायला बसायचं. तो हो म्हणाला, कारण त्याच्या मते तिथून काही उत्तर येणारच नव्हतं, मग हो म्हणायला काय जातंय? पुढच्या रविवारी दोघं आली. तो खांबाला टेकून बसला. मी कळ्या टेकवल्या, गाऱ्हाणं घातलं. आई माये, ह्या लेकराने पुन्हा लिहावं काय? होय तर उजवी, नको तर डावी.

काही नाही. दोन्ही कळ्या जिथल्या तिथे. सुलभा हात जोडून उभी. बाहेर नैवेद्याचं पान तयार झालं, तिथून माझ्या बायकोने दोनदा खाकरून सुचवलं. शेवटी मी कळ्या काढल्या. पुरसो मागून शांतपणे म्हणाला, सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मी पाणी जरा वाढवलं, हो, वाढवलं, नेमात बसेल एवढं. तरी दोन्ही कळ्या पडेनात. इतर लोकांचे कौल त्याच सकाळी पटापट होत होते. बैल विकावा काय, उजवी. मुंबईचं स्थळ करावं काय, डावी. पुरसोचा प्रश्न आला की देवी गप्प.

पण एक गोष्ट मी बघत होतो. पहिल्या रविवारी पुरसो मागच्या खांबाला होता. मग मधल्या. मग एकदा वळून बघतो तर गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, उंबऱ्याला टेकलेला आणि मान वर करून कळीकडे बघतोय. मला हळूच विचारलं, उजवी जरा हलली काय हो? मी म्हटलं, तुला काय करायचंय, तुझा तर विश्वास नाही. तो म्हणाला, विश्वास नाही, पण आता उत्सुकता आहे. एका रविवारी नैवेद्यानंतर त्याने माझ्याकडून प्रसादाचं सगळं मागून घेतलं आणि केळं तर सालीसकट खाल्लं. सुलभाने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं काही बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून.

आणि नेमका तेव्हा गोकुळदासने फॅन दान केला.

झालं असं की अध्यक्षमहाशय एकदा अभिषेकाला गर्भकुडीत बसले आणि घामाने निथळले. बाहेर येऊन म्हणाले, मायेला किती उकडत असेल. आमच्याकडे देवीला थंडीत शाल घालतात, मग उन्हाळ्यात फॅन का नको, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी म्हापशाहून फॅन आला, भिंतीला ठोकायचा, पितळी पट्टीवर 'गोकुळदास यांजकडून' असं कोरलेला. उजव्या अंगाला समई. फॅन तिकडे वळला तर समई विझते. म्हणून वायरमनने त्याची मान कायमची डावीकडे फिरवून घट्ट केली.

वाचक हुशार आहेत, पुढचं त्यांना कळलंच. गावाला कळायला आठवडे लागले. डाव्या खांद्यावरची कळी वाऱ्याने हलायची आणि पडायची. प्रत्येक कौल डावा. विहीर खणू काय, नको. मुलगी देऊ काय, नको. घरावर माडी चढवू काय, नको. गावातली तीन लग्नं अडली, एका माणसाने दात काढायचं रद्द केलं आणि सुजलेल्या गालाने हिंडू लागला. देवीचा कोप झाला म्हणून लोक घाबरले. मी समितीला सांगितलं, कोप नाही हो, फॅन आहे. तर गोकुळदास म्हणाला, भटमाम, दान बोचतं काय तुम्हाला? मी तोंड मिटलं. भटाची नोकरी समितीच्या हातात, आणि मला दोन मुलं शिकवायची होती.

मी फॅनचं बटण बंद करून कौल लावू लागलो, तर अध्यक्षांनी सक्त ताकीद दिली की मायेसाठी आहे तो चालूच राहील, आणि खात्री करायला रविवारी स्वतः येऊन बसू लागले. सुलभा आणि पुरसो मधले काही रविवार कोरगावला जात होती, ती अशाच एका रविवारी आली. मी तिला खुणेने सांगत होतो, आज नको. तिच्या लक्षात आलं नाही. गाऱ्हाणं घातलं, प्रश्न विचारला, आणि एवढे रविवार न हललेली डावी कळी भिरभिरत खाली आली.

सुलभा मटकन खाली बसली. रडलीही नाही. नुसती म्हणाली, झालं. आईनेच नको म्हटलं. आता मी कोणाला विचारू? देवीपुढे तिची शेवटची आशा होती आणि ती सर्वांदेखत संपली होती. 

तेवढ्यात पुरसो उठला. ह्या माणसाला मी कित्येक महिन्यांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तांबडालाल झाला होता. गर्भकुडीकडे बोट दाखवून ओरडला:

"हो कौल आईचो न्हय! हो फॅनाचो! माझ्या बरपाक फॅन ना म्हणटा?"

माझ्या लिहिण्याला फॅन नको म्हणतो? देव न मानणारा माणूस देवीच्या बाजूने भांडतोय, आणि देवीचा अध्यक्ष फॅनच्या बाजूने. गोकुळदास म्हणाला, फॅनही तिच्याच मर्जीने फिरतो. पुरसो म्हणाला, वीजखात्याच्या मर्जीने फिरतो, काल दुपारभर तिची मर्जी नव्हती काय? लोक जमले. अडलेल्या तीन लग्नांचे सहाही व्याही जमले. सुजलेल्या गालाचा माणूस आला, त्याला बोलता येत नव्हतं पण तो मान हलवत होता. मी मात्र सुलभाकडे बघत होतो. ती जमिनीवर बसल्या बसल्या नवऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या तोंडावर चक्क हसू यायला लागलं होतं. हुमणात मीठ नसल्याचं भाषण परत आलं होतं.

शेवटी एका म्हाताऱ्या महाजनाने तोडगा काढला. फॅन ठेवावा की नाही, हे देवीलाच विचारा. वा! पण लगेच पुढचा प्रश्न, विचारताना फॅन चालू ठेवायचा की बंद? त्यावरून पुन्हा अर्धा गाव एकीकडे, अर्धा दुसरीकडे. गोकुळदास मानी माणूस. म्हणाला, बंद का म्हणून? माझं दान खरं असेल तर देवी त्याच्या वाऱ्यात उजवा देईल. चालू ठेवा.

पुरसो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, भटमाम, मी दोन पुस्तकं लिहिली पण असलं मला सुचलं नव्हतं. मी कळ्या टेकवल्या. गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांचं नाव घेऊन, कोणी नंतर बोलायला नको. आई माये, हा फॅन तुझ्या गर्भकुडीत असू दे काय? होय तर उजवी, नको तर डावी. फॅन घरघरत होता. सगळ्यांच्या माना वर. डावी कळी थोडी फडफडली, फिरली आणि पडली. फॅनने स्वतःलाच नको म्हणून सांगितलं.

गोकुळदासला मी कितीही हसलो तरी एक सांगतो, त्याने शब्द फिरवला नाही. उठला, देवीला नमस्कार केला आणि फॅन स्वतः काढून सभामंडपात लावला. अजून आहे तिथे. लग्नाच्या वेळी त्याच्यासमोरची जागा पकडायला मारामारी होते.

गाव पांगलं. पुरसो मला म्हणाला, आता माझा पुन्हा लावा, बिनवाऱ्याचा. लावला. आणि पुन्हा आपलं तेच, दोन्ही कळ्या ठिकाणावर. नैवेद्याची वेळ झाली. मी काढायला हात पुढे केला तेव्हा सुलभा म्हणाली, थांबा भटमाम, काढा, पण मला एक सांगा. एवढे रविवार ती बोलली नाही. म्हणजे तिने हो म्हटलं नाही हे खरं. पण नको असंही नाही ना म्हटलं?

मी म्हटलं, नाही बाय, नेमाने नाही.

ती पुरसोकडे वळली. म्हणाली, ऐकलंत? ती आड येत नाही. आता तुम्ही आणि तुमचा कागद. मला रविवारची अजून कामं असतात. आणि स्कूटरकडे चालू लागली.  पुरसो मला म्हणाला, पाच वर्षं मी वाचनालयातून जे वाचून आणत होतो ना, ते हिने चपला घालता घालता सांगितलं. पण मी सांगतो, तो लिहायला बसला तो ह्या वाक्याने नव्हे. तो फॅनवर रागावला त्या क्षणीच बसला होता, नुसता कागद घ्यायचा राहिला होता.

कादंबरी झाली. एका देवळात एक माणूस कळी पडायची वाट बघतो. पडत नाही. भट रोज काढतो, रोज नवी ओली कळी टेकवतो, आणि तो माणूस रोज येतो, पुढे पुढे डबा घेऊन येतो, आणि मजेत राहतो. हे मात्र मी लगेच वाचलं, एका बैठकीत. त्यातला भट तपकीर ओढतो, चिडका आहे आणि स्वतःला फार शहाणा समजतो. मी पुरसोला विचारलं, हा कोण? तो म्हणाला, काल्पनिक.

पुस्तकाची पहिली प्रत देवीच्या पायाशी ठेवायला सुलभाने आणली. नवं कव्हर, शाईचा वास. ती प्रदक्षिणेला गेली आणि पुरसो मात्र तिथेच चुळबुळत राहिला. शेवटी इकडेतिकडे बघून म्हणाला, भटमाम, एक लावणार? मी म्हटलं, काय विचारायचंय? तो लाजला. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला. मग खाली बघत म्हणाला:

"पुस्तक बरें जालां काय म्हण."

पुस्तक चांगलं झालंय का. जगाला काही अर्थ नाही म्हणणाऱ्यालाही एवढं विचारायचं असतंच. मी थट्टा केली नाही, इतकी तरी अक्कल मला होती. कळ्या भिजवल्या. उजव्या खांद्यावर एक टेकवली, डावी हातात घेतली, आणि ती टेकवायच्या आधीच उजवी सुटून खाली त्याच्या पुस्तकावर येऊन पडली. गाऱ्हाण्याचा पहिला शब्दही मी उच्चारला नव्हता. सुलभा प्रदक्षिणेवरून येऊन दारात उभी होती, तिनेही बघितलं.

पुरसोने माझ्याकडे बघितलं. नेम त्याला पाठ होता. एवढे रविवार फुकट बसला नव्हता. तरी विचारलं, हे धरत नाहीत ना?

मी म्हटलं, नाही. प्रश्नाआधीची कळी धरत नाहीत.

तो हसायला लागला. आधी तोंडातल्या तोंडात, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईतो. मला वाटतं त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. सुलभा म्हणाली, भटमाम, परत लावा, नीट विचारा. मी नवी कळी उचललीही. पण त्याने माझा हात धरला.

"नाका. विचारलेंय ना, आनी तिणें जाप दिली. आतां परत विचारून तिका लजेक घालूं नाका."

विचारलंसुद्धा नाही आणि तिने उत्तर दिलं, आता पुन्हा विचारून तिला लाजवू नका. मी कळी तबकात ठेवली. पुरसोने देवीला नमस्कार केला नाही, तो कधीच करत नसे, पण जाताना उंबऱ्याला हात लावून गेला.

नैवेद्याची वेळ झालीच होती म्हणून मी लगेच नेमाप्रमाणे सगळी फुलं गोळा करायला बसलो. कौलातली असो वा नसो, खाली पडलेली प्रत्येक कळी विहिरीत सोडायची असते. डावी तबकात सापडली. उजवी कुठेच मिळेना, पुस्तकावर नाही, पायाशी नाही, समईखाली नाही. मी शोधत दारापर्यंत आलो तर अंगणात पुरसो स्कूटरला लाथ मारत होता, सुलभा मागे बसली होती, आणि त्याने एका हाताने शर्टाचा खिसा वरून झाकून धरला होता, आत काही सुकू नये म्हणून.